बटाट्यातला श्वास शोधणाऱ्या डॉ. कमला सोहोनी

महाप्रसादाच्या आदल्या रात्री आपल्या उधन्याच्या मांडवामागे दर वर्षी एकच देखावा असतो. सतरंज्या अंथरलेल्या, आयाबहिणी विळ्या घेऊन बसलेल्या, आणि मधोमध पाण्याने भरलेली मोठमोठी पातेली. सोलून चिरलेला बटाटा लगेच पाण्यात टाकायचा, बाहेर ठेवला तर काळा पडतो, हे तिथे कोणाला शिकवावे लागत नाही. मागच्या वर्षी आम्हीही हाताखाली काम करायला बसलो होतो. एका लहान मुलीने सहज विचारले, की बटाटा काळा का पडतो? आम्ही रसायनाचा डिप्लोमा केलेले, सरकारी नोकरीतले, त्यामुळे सगळ्यांच्या नजरा आमच्याकडे वळल्या. हवा लागते म्हणून, असे सांगून आम्ही वेळ मारून नेली.

घरी जाताना आमच्या मुलीने आम्हाला पकडले. अख्ख्या बटाट्याच्या आतही थोडी हवा असतेच, मग तो आतून काळा का पडत नाही, असा तिचा सवाल होता. उत्तरही तिनेच दिले. बटाट्याच्या प्रत्येक पेशीत अतिशय पातळ, स्निग्ध पडदे असतात. काळा रंग तयार करणारा पदार्थ एका कप्प्यात आणि त्याला चेतवणारे एन्झाइम दुसऱ्या कप्प्यात, अशी पडद्यांनी केलेली वाटणी असते. विळीने पडदे फाटतात, दोन्ही एकत्र येतात आणि मग हवा आपले काम करते. पुढे ती म्हणाली की बटाट्याच्या पेशीचा अभ्यास करून केंब्रिजची पीएच.डी. मिळवणारी एक मराठी बाई होऊन गेली. आम्हाला नाव माहीत नव्हते. त्या रात्रीची ती लाज फेडावी म्हणून हा लेख.

मराठी वाचकाला दुर्गाबाई भागवत सांगाव्या लागत नाहीत. १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष असताना आणीबाणीविरुद्ध उभ्या राहिलेल्या त्या दुर्गाबाई. कमला ही त्यांची धाकटी बहीण. तिचा जन्म १९११ साली इंदूरचा. वडील नारायणराव भागवत आणि काका माधवराव भागवत हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, दोघेही बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. घरात शास्त्राच्या गप्पा पाण्यासारख्या वाहत असणार. मोठीने लोकसाहित्य आणि संस्कृतीचा रस्ता धरला, धाकटीने वडील-काकांचा.

१९३३ साली कमला भागवत मुंबई विद्यापीठाची रसायनशास्त्राची बी.एस्सी. झाली, तीही गुणवत्ता यादीत पहिली. वडील ज्या संस्थेत शिकले तिथेच पुढचे संशोधन करायचे, असे तिने धरूनच ठेवले होते. अर्ज केला. त्या वर्षी संस्थेचे संचालक झाले होते सर चंद्रशेखर वेंकट रामन, १९३० चे नोबेल मिळवलेले, साऱ्या देशाचा अभिमान. अर्ज नामंजूर झाला. गुणांत काही कमी नव्हते, अर्जदार मुलगी होती एवढेच कारण होते.

तो काळ गांधीजींचा होता. कमलाने बंगळुरू गाठले आणि रामन यांच्या कचेरीपुढे सत्याग्रह केला. नकाराचे सबळ कारण मिळाल्याशिवाय ती हलायला तयार नव्हती. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींसह. पहिले वर्ष परीक्षेवर. संचालकांचे समाधान होईपर्यंत तिच्या कामाला अधिकृत मान्यता नाही. आणि तिच्यामुळे तिथल्या मुलांचे लक्ष विचलित होता कामा नये. तिसरी अट वाचून आजही मान खाली जाते. तिने तिन्ही अटी मान्य केल्या. ही सल तिने आयुष्यभर बाळगली आणि उतारवयात ती जाहीरपणे बोलूनही दाखवली. पण त्या वेळी भांडणात दिवस घालवण्यापेक्षा तिने प्रयोगशाळेत घालवले.

तिथे तिला श्रीनिवासय्या नावाचे कडक पण मायाळू गुरू लाभले. त्यांच्या हाताखाली तिने दुधातील आणि कडधान्यांतील प्रथिनांवर काम केले. गरिबाच्या ताटात मांस-अंडी नसतात, त्याची ताकद डाळीत आणि दुधात असते, म्हणून हा विषय. वर्ष संपले, रामन यांचे समाधान झाले, आणि त्यानंतर संस्थेने मुलींना प्रवेश द्यायला सुरुवात केली. १९३६ मध्ये तिची एम.एस्सी. विशेष प्राविण्यासह पूर्ण झाली.

मग शिष्यवृत्ती मिळवून ती १९३७ मध्ये केंब्रिजला गेली. न्यूनहॅम हे मुलींचे कॉलेज, आणि काम सर फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत. जीवनसत्त्वांच्या शोधासाठी १९२९ चे नोबेल मिळालेले हे शास्त्रज्ञ. त्यांच्याकडे एकही टेबल रिकामे नव्हते. तेव्हा डेरेक रिश्टर नावाच्या संशोधकाने आपले टेबल दिवसा तिला देऊ केले आणि स्वतः रात्री काम करायचे ठरवले. बंगळुरूला जागा असून दार बंद होते, इथे जागा नसताना एका माणसाने सरकून घेतले. आम्हाला हा प्रसंग फार मोठा वाटतो.

रिश्टर दुसरीकडे गेल्यावर ती रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींच्या पेशींवर काम करू लागली. त्याच केंब्रिजमध्ये डेव्हिड केलिन यांनी १९२५ साली सायटोक्रोम नावाची रंगीत प्रथिने दाखवून दिली होती. प्राणी आणि यीस्ट यांच्या पेशी अन्न जाळून शक्ती काढतात, त्या कामात ही प्रथिने हातभार लावतात, हे कळले होते. झाडाझुडपांचे काय? जमिनीत निपचित पडलेला बटाटा श्वास घेतो का, आणि घेत असेल तर आपल्यासारखाच का? कमलाने बटाट्याचा अभ्यास करून दाखवले की वनस्पतीच्या पेशीतही सायटोक्रोम सी असते आणि त्यांचाही श्वास त्याच वाटेने चालतो. १९३९ साली हिल आणि भागवत या दोन नावांनी हे काम नेचर या जगप्रसिद्ध नियतकालिकात आले. तिचा प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता आणि सुमारे चौदा महिन्यांत पुरा झाला. केंब्रिजची पीएच.डी. मिळाली. विज्ञानात पीएच.डी. घेणाऱ्या पहिल्या काही भारतीय स्त्रियांत तिचे नाव आहे.

आता हे सायटोक्रोम सी राहते कुठे आणि करते काय, ते थोडे समजून घेऊ, कारण सगळी गंमत तिथे आहे.

भाजीच्या रश्श्यावर तेलाचा तवंग आपण रोज पाहतो. तेल आणि पाणी मिसळत नाही, एवढे पाठ असते. पण त्यात तेलाचा दोष कमी आणि पाण्याचा हट्ट जास्त. पाण्याचे कण एकमेकांचे हात घट्ट धरून असतात, मध्ये तेल आलेले त्यांना चालत नाही. ते तेलाला बाजूला सारतात, म्हणून तेल एकत्र येते. पेशीचा पडदा ज्या स्निग्ध पदार्थांचा बनतो, त्यांना लिपिड म्हणतात. त्यांचे डोके पाण्याला मानवते आणि दोन लांब शेपट्या पाण्याला नकोशा असतात. असे असंख्य कण पाण्यात सोडले तर ते आपोआप दोन थर करून उभे राहतात. डोकी दोन्ही बाजूंना पाण्याकडे, शेपट्या आत लपलेल्या. झाला पडदा! त्याला ना खिळा, ना शिवण, ना डिंक. बाजूचे पाणी त्याला धरून ठेवते. जाडी म्हणाल तर एका मिलिमीटरचे दोन लाख भाग केले तर त्यातल्या एकाएवढी.

पाणी पडद्याला नुसते धरत नाही, त्याचा स्वभावही ठरवते. भरपूर पाणी असेल तर लिपिडच्या डोक्यांभोवती पाण्याचे कण शिरतात, दाटी सैल होते आणि पडदा मऊ, वाहता राहतो. पाणी काढून घेतले की डोकी एकमेकांना चिकटतात आणि पडदा ताठरतो. प्रयोगशाळेत नेहमी वापरले जाणारे एक लिपिड भरपूर पाण्यात ४१ अंश सेल्सियसला सैल होते. तेच कोरडे केले तर सैल व्हायला त्याला शंभर अंशांच्या आसपास तापवावे लागते. पदार्थ तोच, फरक फक्त भोवतालच्या पाण्याचा.

सायटोक्रोम सी हे या पडद्याच्या आणि पाण्याच्या सीमेवर काम करणारे प्रथिन आहे. पेशीच्या आत मायटोकॉन्ड्रिया नावाचे छोटे कारखाने असतात. त्यांच्या आतल्या पडद्यावर अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन एका यंत्राकडून दुसऱ्या यंत्राकडे पोचवायचे असतात. सायटोक्रोम सी हा त्यांचा हमाल. तो पडद्यात रुतून बसत नाही, पडद्याच्या पृष्ठभागाला हलकेच चिकटतो, कारण त्याच्यावर धन आणि पडद्यावर ऋण विद्युतभार असतो. भोवतालच्या पाण्यात मीठ वाढवले की ही पकड ढिली होते आणि तो सुटून पाण्यात येतो. प्रयोगशाळेत त्याला वेगळा काढायला क्षाराचे पाणी वापरतात ते याचमुळे. पाणी बदलले की पडद्याशी असलेले नाते बदलते. पडद्याचे हे बारकावे पुढच्या पिढ्यांनी उलगडले. कमलाबाईंचे काम प्रथिने आणि एन्झाइम यांचे होते. पण ज्या हमालाचा पत्ता त्यांनी बटाट्यात शोधून काढला, तो आपली सगळी हमाली याच काठावर करतो.

१९३९ मध्ये त्या परत आल्या. इंग्लंड-अमेरिकेत राहून काम करणे त्यांना अशक्य नव्हते, पण देशाचे काम करायचे होते. दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्राच्या नव्या विभागाच्या त्या प्रमुख झाल्या. तिथून कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक. पुढे बढतीची वाट दिसेना म्हणून ती नोकरी सोडली. १९४७ मध्ये विमागणिताचे तज्ज्ञ श्री. सोहोनी यांच्याशी विवाह झाला आणि कमला भागवत कमला सोहोनी होऊन मुंबईला आल्या. रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्या जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या, आणि विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी संशोधनाचा विषय पुन्हा निवडला तो गरिबाच्या ताटातलाच.

त्यातला एक विषय आपल्या सुरतकरांच्या जिव्हाळ्याचा आहे, तो म्हणजे वाल. उंधियूत पडणारी सुरती पापडी आणि आपल्या बिरड्याचे वाल, जात एकच. वालात प्रथिने भरपूर, पण कच्च्या वालात आपल्या पोटातील पाचक रसाला अडवणारा पदार्थही असतो. कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९५५ च्या सुमारास तो स्फटिकरूपात वेगळा करून दाखवला. वाल भिजवून, मोड आणून, सोलून, नीट शिजवून खायची आपल्या आजीची पद्धत का शहाणपणाची, त्याचे उत्तर अशा कामातून मिळते.

भिजवण्यावरून पडदा पुन्हा आठवतो. कोरड्या दाण्यात पाणी दहा टक्क्यांच्या आसपास उरलेले असते. पेशींचे पडदे ताठ होऊन बसलेले असतात. पाण्यात टाकताच पडदे पुन्हा मऊ होऊ लागतात, पण तोवरच्या थोड्या वेळात ते गळके असतात आणि आतले क्षार, साखर बाहेर पाझरतात. रात्री भिजवलेल्या मटकीचे पाणी सकाळी पिवळसर, फेसाळ दिसते त्यात या पाझराचाही वाटा असतो. पाणी फार थंड असेल तर पडदे सावरायला जास्त वेळ लागतो आणि काही दाण्यांना इजा होते. थंडीत मोड काढायला कोमट पाणी घ्यावे, हे त्यामुळेच बरे. जुन्या बियाण्याचे पडदे जास्त गळतात, म्हणून बी भिजवलेल्या पाण्यातून वीज किती वाहते हे मोजून बियाण्याचा जोम ओळखण्याची पद्धतही आहे. शेतकरी बांधवांना हे उपयोगाचे ठरावे.

त्यांचे सर्वांत गाजलेले काम नीरेवरचे. थंडीच्या दिवसांत पहाटे नीरा पिण्यासाठी आपल्या सुरतेत लोक उभे असतात, हे आपण पाहतोच. उन्हे चढली की नीरेची ताडी होते. यीस्टच्या पेशी साखर खातात आणि दारू करतात. मडक्याला आतून चुना लावतात तो हे आंबणे लांबवण्यासाठी. गंमत अशी की, यीस्टने भोवतालच्या पाण्यात दारू फार वाढवली की त्याच दारूने त्याचा स्वतःचा पडदा सैल होतो आणि यीस्टच मरते. भोवताल बिघडवणाऱ्याचे काय होते, याचे याहून सोपे उदाहरण आम्हाला सुचत नाही. व्यसनमुक्तीची व्याख्याने देणाऱ्यांनी ते अवश्य वापरावे.

राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. ताज्या नीरेत जीवनसत्त्वे आणि लोह असते, ताडगुळातही त्यातले बरेच टिकते, हे त्यांनी दाखवले. आदिवासी भागातील कुपोषित मुले आणि गरोदर स्त्रिया यांना नीरा दिल्यावर त्यांची तब्येत सुधारल्याचे आढळले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. मुंबईच्या आरे दूध योजनेलाही त्यांनी दुधाच्या दर्जाबाबत सल्ला दिला. दूध म्हणजे तरी काय? पाण्यात तरंगणारे चरबीचे बारीक थेंब, आणि प्रत्येक थेंबाभोवती एक पातळ पडदा. बटाटा, वाल, दूध, सगळीकडे पाणी आणि स्निग्धाची तीच शेजारधर्माची कहाणी.

एवढे करूनही त्यांच्या वाट्याला अडवणूक आलीच. संस्थेचे संचालकपद त्यांना मिळायचे ते चार वर्षे उशिरा मिळाले. मिळाल्यावर मात्र त्यांनी ते चोख सांभाळले. १९६६ मध्ये मुंबईत काही स्त्रियांनी मिळून कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही ग्राहक चळवळीची संस्था काढली. कमलाबाई तिच्या सक्रिय सदस्य होत्या, आणि १९८२-८३ मध्ये त्या तिच्या अध्यक्ष होत्या. केंब्रिजची पीएच.डी. असलेली बाई भेसळीबद्दल गृहिणींना समजेल अशा भाषेत लिहीत राहिली. मोठेपण याला म्हणावे.

१९९८ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार ठरवला. कौतुकाला फार उशीर झाला होता, पण त्या गेल्या. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांची प्राणज्योत मालवली. २०२३ साली गूगलने आपल्या पहिल्या पानावर त्यांचे चित्र झळकावले, तेव्हा अनेकांना त्यांचे नाव पहिल्यांदा कळले.

आता मूळ मुद्द्यावर येतो. तो लिहिताना हात अडखळतो आहे.

आमची मुलगी सुरतेतून बी.एस्सी. झाली. तिला जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करायची होती आणि बडोद्याला जायचे होते. महाराजा सयाजीराव विद्यापीठात या विषयाचा जुना, नावाजलेला विभाग आहे. आम्ही नाही म्हटले नाही. आम्ही अटी घातल्या. वसतिगृह नको, नातेवाइकांकडेच राहायचे. आधी एक वर्ष इथेच काहीतरी कर, मग बघू. स्थळ आले तर विचार करावा लागेल. प्रत्येक अट आम्हाला काळजीपोटी सुचलेली वाटत होती. अटींवर बोलणी चालली आणि अर्जाची शेवटची तारीख निघून गेली. तिने भांडण केले नाही. त्या महाप्रसादाच्या रात्री तिने आम्हाला कमलाबाईंची गोष्ट सांगितली ती त्यानंतरची. रामन यांच्या तीन अटी तिने सांगितल्या आणि पुढे काही बोलली नाही. आम्ही मनात आमच्या मोजल्या. त्याही तीनच भरल्या.

रामन थोरच होते. त्यांच्यापुढे आमच्यासारखा डिप्लोमावाला कोण? पण चूक मात्र आमची आणि त्यांची एकच निघाली, एवढे साम्य आम्हाला नको होते.

उधन्यात आपले आईवडील जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आले. लूमवर, मिलमध्ये राबले आणि आपल्याला शिकवले. आपल्या मुली आपल्याहून हुशार निघाल्या आहेत. बारावीचा निकाल लागला की मंडळात सत्कार होतो, नारळ-शाल दिली जाते, फोटो निघतो. पुढच्या वर्षी त्यातल्या किती जणी शिकत आहेत, याची यादी आपण कधी केली नाही. स्मरणिका समितीला विनंती आहे, की यंदापासून ती करावी. पेशीचा पडदा आपल्या बळावर उभा नसतो, भोवतालचे पाणी त्याला उभे ठेवते आणि तेच त्याला ताठरवते किंवा मोकळे ठेवते. घरातल्या मुलीभोवतीचे पाणी म्हणजे आपणच. डेरेक रिश्टरसारखे थोडे सरकून टेबल मोकळे करता आले, तरी पुष्कळ.

यंदा तिने पुन्हा अर्ज भरला. या वेळी आम्ही सही केली आणि अटींचा कागद कोरा ठेवला. ती बडोद्याला गेली. वसतिगृहात राहते. महाप्रसादाला बटाटे चिरायला येईन, असा तिचा निरोप आहे. त्या लहान मुलीने पुन्हा विचारले तर उत्तर तीच देईल, आम्ही पातेल्यात पाणी भरून ठेवू.

गणपती बाप्पा मोरया!